जीएम बियाणं, जट्रोफा आणि आफ्रिकेचा शेतकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या शेतीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘ते लोक उपाशी राहतील, पण जीएम खाणार नाहीत’ (जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकांत फेरफार केलेलं पीक). दुसरं, ‘तिथली सगळी जमीन कंपन्यांनी गिळली.’ बोलणाऱ्याला ‘कुठल्या देशाबद्दल म्हणताय?’ असं विचारलं की गाडी अडते. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि या बाबतीत शेजारच्या दोन देशांचंही एकमेकांशी जुळत नाही. म्हणून जमेल तिथे देशाचं नाव घेऊनच उत्तरं दिली आहेत.

जीएम पिकं आणि जैवइंधन हे दोन वेगळे विषय नाहीत का?

प्रयोगशाळेत वेगळे आहेत, बांधावर नाहीत. २००६ ते २००८ या काळात खनिज तेल भडकलं. जुलै २००८ मध्ये ते पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. युरोपीय संघाने २०२० पर्यंत वाहतुकीतली १० टक्के ऊर्जा अपारंपरिक स्रोतांतून घ्यायचं ठरवलं, आणि त्या इंधनासाठी जमीन शोधत कंपन्या मोझांबिक, टांझानिया, घाना, सिएरा लिओनमध्ये उतरल्या. बियाण्याच्या कंपन्याही त्याच सुमारास दार ठोठावत होत्या. दोघांचं सांगणं सारखंच: तुमची जमीन पडीक, तुमचं वाण जुनं, आम्ही दोन्ही सुधारतो.

शेतकऱ्याच्या बाजूनेही दोन्हीकडे प्रश्न एकच. हे फसलं तर नुकसान कोणाच्या पदरात? खालच्या बहुतेक उत्तरांत फिरून फिरून याच प्रश्नावर यावं लागलंय.

आफ्रिकेत जीएम पिकं आज कुठे आहेत?

जुना आणि मोठा खेळाडू दक्षिण आफ्रिका. तिथे १९९७-९८ पासून बीटी कापूस आणि बीटी मका आहे (बीटी म्हणजे अळीला मारक असं एका जिवाणूचं जनुक घातलेलं जीएम वाण) आणि आज पेऱ्यातला बहुतांश मका जीएमच आहे. पुढे सुदान, एस्वातिनी, मलावी, इथिओपिया, नायजेरिया आणि केनिया बीटी कापसाच्या वाटेने आले. नायजेरिया आणि घाना चवळीपर्यंत पोचले. बुर्किना फासो आत गेला आणि बाहेर आला, ती गोष्ट पुढे आहे. युगांडाच्या संसदेने २०१७ मध्ये जीएम पिकांसाठी कायदा केला, पण राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी त्यावर सही केली नाही. शास्त्रज्ञांची जीएम केळी चाचणीच्या शेतातच राहिली.

झांबियाने दुष्काळात फुकटचा मका नाकारला, हे खरं का?

खरं आहे. २००२ साली आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात मोठा दुष्काळ होता आणि अमेरिकेची मदत रोख पैशांत न येता मक्याच्या पोत्यांत येत होती. त्यात जीएम मका मिसळलेला होता. राष्ट्राध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी तो घ्यायला नकार दिला, विष हा शब्दही वापरला. जगभर त्यांच्यावर टीका झाली.

विष हा शब्द बाजूला ठेवून त्यामागची अडचण बघा. पोत्यात आलेला दाणा हा धान्य आहे की बियाणं? रेशनवर मिळालेल्या मक्यातून घरची बाई चार चांगले, टपोरे दाणे बाजूला काढून गाडग्यात ठेवणार आणि पाऊस पडला की टोकणार. शेतकऱ्याच्या घरात दाण्यावर ‘फक्त खाण्यासाठी’ असं लिहून चालत नाही. मका वाऱ्याने फळतो, एका शेताचा पराग दुसऱ्या शेतात जातो. एकदा पेरला गेला की तो जीएम मका देशात आला, मग सरकारने परवानगी दिलेली असो वा नसो. शिवाय युरोपला जाणाऱ्या शेतमालाचं काय होईल, ही धास्ती होतीच.

तोडगा साधा होता: मका दळून द्या. पीठ पेरता येत नाही. मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे यांनी तसा दळलेला मका घ्यायची तयारी दाखवली. देणाऱ्यांची कुरकुर अशी की दळणाचा खर्च वाढतो आणि पीठ लवकर खराब होतं. झांबियाने पीठही नाकारलं. माझ्या मते ते चुकलं. माणसं भुकेली असताना दळलेला मका नाकारायला सबळ कारण नव्हतं. पण अख्ख्या दाण्याबद्दलचा त्यांचा आक्षेप वेडगळ नव्हता. त्यात भर म्हणजे अमेरिका आणि युरोप यांचं जीएमवरून तेव्हा भांडण पेटलं होतं. पुढच्याच वर्षी ते जागतिक व्यापार संघटनेत गेलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात, इथे तिसरा रांगेत रिकामं पोतं घेऊन उभा होता.

पण तो मका खाऊन काही झालं असतं का?

बाजारात मान्यता मिळालेली जीएम पिकं साध्या पिकांपेक्षा खायला जास्त धोक्याची आहेत, असं आजवरच्या तपासण्यांत दिसलेलं नाही. मला हा आक्षेप सगळ्यात कच्चा वाटतो, आणि दुर्दैवाने सगळ्यात जास्त बोलला जातो तोच.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेत मका मुख्यतः जनावरांच्या खाद्यात आणि कारखान्यात जातो. झांबियात पांढऱ्या मक्याच्या पिठाची न्शिमा हेच जेवण, सकाळ-संध्याकाळ. सोलापूरकडे ज्वारीच्या भाकरीचं जे स्थान, तेच तिथे न्शिमाचं. ‘अमेरिकन लोक खातातच की’ हे उत्तर तिथल्या माणसाला का पटत नाही, ते यावरून कळावं.

आणि गाठी झालेल्या उंदरांचा तो फोटो?

तो फ्रान्समधल्या सेरालिनी यांच्या सप्टेंबर २०१२ च्या शोधनिबंधातला. जीएम मका खाऊन उंदरांना गाठी झाल्या, असा त्याचा दावा होता. त्यात वापरलेल्या उंदरांच्या जातीला म्हातारपणी तशाही गाठी येतात, आणि प्रत्येक गटात उंदीर होते जेमतेम दहा. नियतकालिकाने २०१३ मध्ये निबंध मागे घेतला, पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला. पण मधल्या काळात, नोव्हेंबर २०१२ मध्ये, केनियाने जीएम आयातीवर बंदी घातली होती. निबंध मागे घेतला गेला तरी बंदी जवळजवळ दहा वर्षं तशीच राहिली.

बुर्किना फासोने बीटी कापूस का सोडला? अळीने खाल्ला का?

नाही, अळीवर तो चालला होता. हाच या गोष्टीतला पेच आहे आणि कापूसवाल्या महाराष्ट्राने तो नीट समजून घ्यावा असा आहे.

बुर्किना फासो हा पश्चिम आफ्रिकेतला कापसाचा मोठा देश. त्यांची रुई हाताने वेचलेली, लांब धाग्याची, आणि त्यामुळे जगाच्या बाजारात तिला थोडा चढा भाव. २००८ पासून तिथे मोन्सँटो या अमेरिकन बियाणे कंपनीचं दोन जनुकांचं बोलगार्ड २ तंत्र स्थानिक वाणांत घालून व्यापारी लागवड सुरू झाली. फवारण्या सहावरून दोनवर आल्या. पाठीवर पंप घेऊन उन्हात फिरणाऱ्याला विचारा, या चार फवारण्यांची किंमत काय असते. उत्पन्नही वाढलं. शेतकरी खूश होते आणि काही वर्षांत निम्म्याहून जास्त क्षेत्र बीटीखाली गेलं.

बोंब उठली ती जिनिंगमधून. आपल्याकडचा जुना व्यापारी चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो, पुन्हा जुळवून पुन्हा ओढतो, आणि मग धाग्याची लांबी सांगतो. यंत्र तेच काम करतं, आणि यंत्र सांगू लागलं की धागा आखूड झालाय. शिवाय सरकीसकट कापसातून निघणाऱ्या रुईचा उताराही घसरला. अमेरिकन वाणातलं जनुक स्थानिक वाणात आणताना पुन्हा पुन्हा स्थानिक वाणाशी संकर करून मूळ गुण परत आणावे लागतात. त्या फेऱ्या पुरेशा झाल्या नाहीत, असं या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं आहे.

आता गंमत बघा. शेतकऱ्याला पैसे सरकीसकट कापसाच्या वजनावर मिळत होते, त्यामुळे त्याला तोटा दिसत नव्हता. कंपन्या मात्र रुई विकत होत्या, तोटा त्यांच्या वहीत पडत होता. सोफिटेक्ससह तिथल्या तिन्ही कापूस कंपन्यांनी मोन्सँटोकडे ४८.३ अब्ज सीएफए फ्रँक (तिथलं चलन) भरपाई मागितली आणि २०१६ पर्यंत देश पुन्हा साध्या वाणांवर आला. २०१७ मध्ये, कंपन्यांनी अडवून ठेवलेल्या मोन्सँटोच्या रॉयल्टीची वाटणी करून, प्रकरण मिटलं. शेतकऱ्याच्या चार फवारण्या परत आल्या. त्याला कोणी विचारलं नव्हतं, बीटी आणतानाही आणि काढतानाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या मखाथिनीची यशोगाथा मी वाचली होती. तीही खोटी का?

खोटी नाही, अर्धी आहे. क्वाझुलू-नातालमधल्या मखाथिनीच्या सपाटीवर १९९८ पासून छोट्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी बीटी कापूस लावला आणि दोन-तीन हंगामांत बहुतेक सगळे त्याकडे वळले. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या तिथे लागायला लागल्या. पण बियाणं, उचल आणि खरेदी हे तिन्ही एकाच कंपनीच्या हातात होतं. कापूस तिच्याकडेच यायचा म्हणून कर्ज वसूल व्हायचं. मग शेजारी दुसरा खरेदीदार आला, शेतकऱ्यांनी माल तिकडे घातला, पहिल्या कंपनीची उचल बुडाली आणि तिने पुढची उचल बंद केली. भावही पडले होते. कापसाखालचं क्षेत्र झपाट्याने आटलं.

बियाण्यात बदल झाला नव्हता. उचल थांबली की पेरा थांबतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही सोसायटीच्या सचिवाला विचारा.

कीड सरावत नाही का?

सरावते. दक्षिण आफ्रिकेत मक्याचा खोडकिडा बीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद २००७ मध्ये छापून आली. कीड सरावू नये म्हणून कडेने साध्या मक्याचा आश्रयपट्टा लावायचा नियम होता, बऱ्याच जणांनी तो पाळला नव्हता. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत आलेली १२० ग्रॅमची नॉन-बीटी पुडी आपल्याकडे किती जणांनी पेरली? २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात हिशेब चुकता केलाच.

जीएम बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं का?

संकरित असेल तर हो, पण ते जीएममुळे नव्हे, संकरामुळे. सरळ वाणात जनुक घातलं असेल तर बी राखता येतं, कायदा आणि करार आड येत नसतील तर.

नायजेरियाची चवळी हे त्याचं उदाहरण. शेंग पोखरणारी अळी फुलात आणि शेंगेत शिरते. शेतकरी हंगामात सहा-आठ वेळा फवारतो आणि तरी अर्धं पीक जातं. झारिया इथल्या कृषी संशोधन संस्थेने, आफ्रिकन कृषी तंत्रज्ञान प्रतिष्ठान आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेच्या साथीने, बीटी चवळी तयार केली. जनुक मोन्सँटोने रॉयल्टीशिवाय दिलं. २०१९ मध्ये ‘सॅम्पी २०-टी’ हे वाण प्रसारित झालं. जगातली ही पहिली जीएम चवळी. चवळी स्वतःच्याच परागावर फळते, त्यामुळे बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. तिथे चवळी भिजवून, वाटून तिचे वडे तळतात, त्यांना अकारा म्हणतात. गरिबाचं प्रथिन तेच. जीएम म्हटलं की सरसकट नाक मुरडणाऱ्यांनी या चवळीचं काय करायचं ते सांगावं. मला तरी हा प्रयोग प्रामाणिक वाटतो.

आक्षेप इथेही आहे. चवळीचं मूळ घर आफ्रिका, आणि पश्चिम आफ्रिकेत रानचवळी रस्त्याकडेला उगवते. थोडाफार पराग तिच्यापर्यंत पोचणारच. मूळ घरातल्या रानवाणांत फेरफार झाला तर पुढच्या पिढ्यांच्या पैदाशीचा कच्चा माल बिघडेल, अशी भीती आहे. हा मुद्दा आपल्यालाही लांबचा नाही. आपली ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी ही चारही पिकं मुळात आफ्रिकेतूनच आलेली आहेत.

टर्मिनेटर बियाणं, म्हणजे उगवलेल्या पिकाचं बी पुन्हा न उगवणारं?

१९९८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, बाजारात कधीच आलं नाही. आफ्रिकेत नाही, भारतात नाही, कुठेच नाही.

आता जैवइंधन. जट्रोफाचं काय झालं?

आपल्याकडचा मोगली एरंड. २००३ च्या सुमारास योजना आयोगाने त्यावर बायोडिझेलचे इमले बांधले होते, तेव्हाच्या कृषी प्रदर्शनांतली रोपं अनेकांना आठवत असतील. आफ्रिकेत तेच मोठ्या मापावर झालं. पाणी नको, खत नको, पडीक रानात वाढतो, जनावर तोंड लावत नाही, असं सांगितलं गेलं. यातलं प्रत्येक वाक्य तसं खरंच आहे. झाड पाण्याशिवाय जगतं. फक्त पाण्याशिवाय फळत नाही. तीन-चार वर्षं थांबावं लागतं आणि मग हाती येतं ते थोडकं.

तोडणी ही तर शिक्षाच. एकाच घोसात एक फळ हिरवं, एक पिवळं, एक वाळून काळं पडलेलं. यंत्र चालत नाही. त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन पिकलेली तेवढी फळं हाताने तोडायची, फोडायची, आणि एका फळातून बिया निघणार बहुधा तीन. तेल काढल्यावर उरणारी पेंड विषारी, म्हणजे गुरांपुढे टाकायची सोय नाही. भुईमुगाच्या किंवा सरकीच्या पेंडीवर घाण्याचा हिशेब जुळतो, तो इथे जुळत नाही.

ब्रिटिश कंपनी डी-वन ऑइल्सने बीपी या तेल कंपनीसोबत २००७ मध्ये जट्रोफासाठी मोठी भागीदारी केली. २००९ मध्ये बीपी बाहेर पडली. २००८ मधल्या पडझडीनंतर तेल स्वस्त झालं आणि भांडवल आटलं, तसे बाकीचेही गेले.

कंपनी गेली, जमीन तर परत मिळाली ना?

इथेच खरी मेख आहे. टांझानियाच्या किसारावे जिल्ह्यात सन बायोफ्युएल्सने ११ गावांची मिळून सुमारे ८,००० हेक्टर, म्हणजे जवळपास २०,००० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली. काम, पाणी, दवाखाना अशी आश्वासनं होती. २०११ मध्ये काम बंद पडलं आणि मजूर घरी गेले.

टांझानियाचा १९९९ चा ग्रामजमीन कायदा असा की परदेशी गुंतवणूकदाराला गावची जमीन थेट मिळत नाही. आधी ती ‘ग्रामजमीन’ या वर्गातून काढून ‘सर्वसाधारण’ म्हणजे सरकारी वर्गात टाकावी लागते, मग सरकार ती कंपनीला देतं. कंपनी बुडाली तरी जमीन सरकारी वर्गातच राहते, आपोआप गावाकडे येत नाही. गावसभेत अंगठा देताना किती जणांना हे माहीत होतं?

आणि ती ‘पडीक’ तरी होती का? सातबारा नाही म्हणजे मालक नाही, असा अर्थ काढला गेला. आपल्या गायरानाचा सातबारा कोणा गावकऱ्याच्या नावावर असतो? तरी सरपण तिथलंच, चारा तिथलाच, करवंदं आणि पावसाळ्यातल्या रानभाज्याही तिथल्याच. किल्वा जिल्ह्यात तर बायोशेप या डच कंपनीने जट्रोफा लावण्याआधी रानातली मोठी झाडं तोडली आणि २०१० मध्ये दिवाळं काढलं. मोझांबिकच्या मासिंगीरमध्ये प्रोकानाला इथेनॉलच्या उसासाठी ३०,००० हेक्टर दिले होते, त्यातली काही जमीन लिंपोपो राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या लोकांना आधीच कबूल केलेली होती. २००९ च्या अखेरीस सरकारने तो करार रद्द केला.

इंधनामुळे धान्य महागलं का?

महागलं, पण किती यावर एकमत नाही. २००८ च्या भाववाढीत अमेरिकी सरकार जैवइंधनाचा वाटा २-३ टक्के सांगत होतं, तर जागतिक बँकेतल्या एका अर्थतज्ज्ञाने ७० टक्क्यांच्या वरचा आकडा काढला होता. साधा हिशेब असा की १०० किलो मक्यातून ४० लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. म्हणजे एका मोटारीची टाकी आणि एका क्विंटलचं पोतं समोरासमोर.

दक्षिण आफ्रिकेने हा हिशेब वेळेत केला. डिसेंबर २००७ च्या जैवइंधन धोरणातून त्यांनी अन्नसुरक्षेसाठी मका वगळला, आणि रानात माजेल म्हणून जट्रोफाही वगळला.

कुठेच जमलं नाही का?

मलावीत जमलं. तिथे समुद्र नाही, इंधन दुसऱ्या देशातून आणावं लागतं. १९८२ पासून द्वांग्वा इथे साखर कारखान्याच्या मळीपासून इथेनॉल करून पेट्रोलमध्ये मिसळतात. ऊस साखरेसाठी लावलेलाच असतो, मळी वरकड. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही. मालीतल्या गारालो गावाने आपल्याच शेतकऱ्यांचा जट्रोफा गावाच्याच जनित्रासाठी वापरायचा प्रयोग केला, तोही जमीन न घेता.

यात महाराष्ट्राचा काही संबंध आहे का?

आहे, आणि बराच. नायजेरियाने २०१८ मध्ये मान्य केलेले बीटी कापसाचे दोन संकर जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचे. केनियातलं बीटी कापसाचं बियाणंही महिकोचंच. झिंबाब्वेच्या क्वुटन या कापूस बियाणे कंपनीतला मोठा हिस्सा महिकोने २०१४ मध्ये घेतला. इथिओपिया आणि एस्वातिनीत हैदराबादच्या जेके अ‍ॅग्री जेनेटिक्सचं बियाणं गेलं. तेव्हा ‘परदेशी कंपनी’ म्हणताना तिकडच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर आपणही असतो.

एक फरक मात्र आपल्या बाजूने आहे. भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला बी राखायचा, वाटायचा, ब्रँडशिवाय विकायचाही हक्क आहे. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत हा हक्क इतका स्पष्ट लिहिलेला नाही.

माझा भाऊ नैरोबीला असतो. तो म्हणतो, तिथे आता जीएम मका सुरू झाला. खरं का?

केनियाच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ती दहा वर्षांची बंदी उठवली, म्हणून तो तसं म्हणत असावा. प्रकरण लगेच कोर्टात गेलं. २०२३ मध्ये पर्यावरण न्यायालयाने बंदी उठवण्याविरुद्धची याचिका फेटाळली, आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने आयात आणि लागवड पुन्हा थांबवली. दरम्यान केनियातल्याच माकुएनीत एनी या इटालियन तेल कंपनीने २०२२ पासून एरंडीसारख्या बियांचं तेल काढायला सुरुवात केली आहे. ते तेल जहाजाने सिसिलीतल्या जेला इथल्या रिफायनरीत जातं. भावाला म्हणावं, त्या बाजूला कधी गेलास तर एरंडीला किलोमागे भाव काय मिळतो, तेवढं विचारून ये.